वायरमनचे माप कोण तपासणार?

वाण्याच्या दुकानातील तराजूवर सरकारचा शिक्का असतो. ठरावीक मुदतीने तो काटा आणि त्याची वजने वैधमापन निरीक्षकाकडून तपासून घ्यावी लागतात; न घेतल्यास दुकानदार दंडास पात्र ठरतो. पाव किलो साखरेमागे गिऱ्हाईक चार दाण्यांनीही नागवले जाऊ नये यासाठी शासनाने एवढी यंत्रणा उभी केली, हे योग्यच झाले. पण त्याच दुकानातला बंद पडलेला पंखा पाहायला आलेल्या वायरमनच्या हातात जे माप असते, ज्याने 'शून्य' दाखविले की तो उघड्या तारेला बोट लावतो, त्या मापावर कोणाचाच शिक्का नसतो. ते खरे बोलते की खोटे, हे विचारणारा निरीक्षक कोणत्याही खात्यात नेमलेला नाही. त्या मापाचे नाव मल्टिमीटर.

कायद्यात यासाठी जागाच नाही, असेही म्हणता येत नाही. २००९ च्या वैधमापनशास्त्र अधिनियमाने मापांचा विचार दोन अंगांनी केला आहे. एक अंग व्यवहाराचे, दुसरे संरक्षणाचे. माणसाच्या किंवा जनावराच्या सुरक्षिततेसाठी कोणते पाऊल उचलावे हे ज्या मापाच्या वाचनावरून ठरते ते माप संरक्षणासाठी वापरलेले होय, असा तेथील व्याख्येचा आशय आहे. याच न्यायाने ताप पाहण्याचा थर्मामीटर आणि रक्तदाब पाहण्याचे यंत्र २०११ च्या नियमांत आले. तारेत वीज आहे की नाही हे पाहून हात घालावा की मागे घ्यावा हे ठरविणारा वायरमन याहून वेगळे काय करीत असतो? डॉक्टरच्या मापाला जो न्याय लागू झाला तो वायरमनच्या मापाला लागू झालेला नाही, एवढाच काय तो फरक.

आता हे माप त्याच्या हाती येते कोठून ते पाहावे. नामवंत बनावटीचा, भक्कम मीटर हजारो रुपयांच्या घरात जातो. कंत्राटी कामगाराला तो मालक देत नाही आणि स्वतःच्या मजुरीतून घेणे परवडत नाही. मग त्याच्यापुढे दोन वाटा उरतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा, डीटी-८३० या जातीचा प्लास्टिकचा डबा घेणे ही एक. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, मुंबईच्या चोरबाजारात, किंवा बंद पडलेल्या कारखान्याचे सामान ज्या भंगारवाल्याकडे येते त्याच्याकडून एखादा जुना चांगला मीटर उचलणे ही दुसरी. दुसऱ्या वाटेने आलेला मीटर बहुधा बिघडलेला असतो. विकणारा 'चालू आहे' म्हणतो, घेणाराही ते फारसे खरे मानीत नाही, आणि भाव त्या हिशोबानेच ठरतो.

सुशिक्षित मंडळींचा सल्ला यावर तयारच असतो: कशाला हवी ही उठाठेव, टाकून द्या आणि नवा घ्या! हा सल्ला देणाऱ्यांनी मीटरचे पोट कधी उघडून पाहिलेले नसते. पाहिले असते तर ध्यानात आले असते की जुन्या बाजारातील मीटरचे दुखणे बहुतांशी किरकोळ असते, आणि खरे दुखणे मीटरच्या बाहेर आहे.

डिजिटल मल्टिमीटर आतून एक तराजूच आहे. एका पारड्यात मोजायचा विद्युतदाब, दुसऱ्यात ठाऊक असलेला संदर्भदाब. १९७० च्या दशकात अमेरिकेतील इंटरसिल कंपनीने ७१०६ ही चिप बाजारात आणली, आणि पुढे जगभरच्या असंख्य लहान मीटरांचे काळीज तीच किंवा तिची नक्कल झाली. अनोळखी दाबाने ती एक कपॅसिटर ठरावीक वेळ भरते, मग संदर्भदाबाने तोच कपॅसिटर रिकामा करते, आणि रिकामा व्हायला किती वेळ लागला ते मोजून आकडा दाखविते. संदर्भ १०० मिलिव्होल्टचा, मोजण्याची कमाल मर्यादा १९९.९ मिलिव्होल्टची. घरातील २३० व्होल्ट मोजायचे तर रेझिस्टन्सच्या साखळीने ते आधी दहा हजारपट लहान करून चिपपुढे ठेवायचे. एवढाच हा कारभार.

तराजूत वजन हलके असले की माल जड भरतो, हे बाजारहाट करणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. मीटरमध्ये नेमके तेच घडते. नऊ व्होल्टची बॅटरी उतरत उतरत सुमारे सात व्होल्टच्या खाली गेली की चिपच्या आतला आधार डळमळतो, संदर्भदाब घटतो, आणि मीटर प्रत्येक आकडा फुगवून सांगू लागतो. घरात २३० व्होल्ट असताना मीटर त्याहून बरेच अधिक दाखवितो, आणि त्यावरून ट्रान्सफॉर्मरला, वीज कंपनीला, शेजाऱ्याच्या मोटारीला बोल लावले जातात. 'मीटर बिघडलाय' म्हणून जे डबे भंगारात जातात त्यांपैकी कित्येकांचे औषध नवी बॅटरी एवढेच असते.

त्यापुढील बिघाडही गूढ नाहीत. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मीटरात बॅटरी पाझरलेली असते. पितळी क्लिपांवर हिरवा-पांढरा थर चढतो आणि कधी तो पाटीवरच्या तांब्याच्या रेषांपर्यंत पोचून त्या खातो. अल्कलाइन बॅटरीचा असा थर व्हिनेगरच्या बोळ्याने निघतो, वर स्पिरिटने पुसून कोरडे केले की काम झाले. तुटलेली रेष बारीक तारेने सांधता येते. लीडची तार बहुधा प्रोबच्या मुळाशी, वाकून वाकून आतल्या आत तुटते. दोन्ही टोके एकमेकांना लावून, मीटर सर्वांत खालच्या ओहमच्या घरावर ठेवून तार हलविली की आकडा नाचू लागतो आणि चोर सापडतो. मधला फिरता स्विच हा तर मळाचा आगरच. त्याच्या पात्या आणि पाटीवरच्या गोल पट्ट्या पुसल्या की निम्मी घरे बोलू लागतात. मात्र उघडताना स्विचखालचे दोन बारीक छर्रे उडून जमिनीवर गेले तर अर्धा दिवस त्यांच्या शोधात जातो, हेही कारागिराला ठाऊक असते.

पडद्यावरच्या आकड्याचे काही तुकडे गायब होणे हा वरवर पाहता सौम्य दोष. प्रत्यक्षात तो फार वाईट. आठाच्या आकड्यातील मधली आडवी रेघ उमटली नाही तर तो शून्य होतो, आणि वाचणाऱ्याला संशयही येत नाही. काचेचा पडदा आणि पाटी यांच्यामध्ये रबराची एक पट्टेदार पट्टी दाबून बसविलेली असते. धंद्यात तिला झेब्रा म्हणतात. ती सरकली किंवा मळली की असे होते; काढून, पुसून, नीट दाबून बसविली की आकडे परत येतात. चाळीस पायांची ७१०६ असेल तर तिचा सदतिसावा पाय क्षणभर पहिल्या पायाशी जोडावा, म्हणजे पडद्यावर उणे १८८८ उमटते आणि कोणता तुकडा मेला आहे ते दिसते. क्षणभरच, फार वेळ ठेवले तर पडदा खराब होतो. त्यानंतर पस्तिसावा आणि छत्तिसावा पाय यांच्यामधला दाब दुसऱ्या, भरवशाच्या मीटरने पाहावा. दोनशे मिलिव्होल्टच्या मूळ मांडणीत तो १०० मिलिव्होल्ट भरायला हवा. नसेल तर शेजारचा बारीक स्क्रू फिरवून आणता येतो.

हे सारे पायांचे क्रमांक कारागिराला कळतात कसे? चिप बनविणाऱ्या कंपनीने ते छापून दिले म्हणून. नुसते क्रमांकच दिले नाहीत. कोणता रेझिस्टन्स, कोणता कपॅसिटर कोठे लावायचा याच्या आकृतीसह पुऱ्या मीटरची मांडणी दिली. ज्याला हवे त्याने वाचावे आणि मीटर बनवावा. ही मोकळीक नसती तर स्वस्त मल्टिमीटरचा धंदा असा जगभर पसरलाच नसता. आणि त्या मोकळिकीवर गब्बर झालेल्या उत्पादकांनी पुढे काय केले? स्वतःच्या मीटरची आकृती तिजोरीत ठेवली. काहींनी चिपवरचा क्रमांक घासून काढला. ज्या दाराने आत आले ते दार आतून बंद करून घेणारे शहाणे हेच!

पूर्वी असे नव्हते. मल्टिमीटर हे माप मुळात नोकरदार कारागिराच्या गरजेतून जन्मले. ब्रिटिश टपाल खात्याच्या तारा-टेलिफोनांवर काम करणारे डोनाल्ड मॅकाडी यांना अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांसाठी वेगवेगळी यंत्रे वाहण्याचा जाच नको झाला, म्हणून १९२३ मध्ये तिन्हींचा मिळून अव्होमीटर आला. त्याचे शेवटचे नमुने २००८ पर्यंत बनत होते आणि दुरुस्त करून ते आजही चालतात. डिजिटल युगाच्या आरंभीही ही चाल टिकून होती. १९७७ मध्ये आलेल्या फ्लूक ८०२०ए या हातातील मीटरच्या पुस्तिकेत यंत्र कसे चालते याचे प्रकरण, बिघाड शोधण्याची रीत, सुट्या भागांची यादी आणि संपूर्ण विद्युत आकृती होती. विकणाऱ्याला घेणारा माणूस अडाणी वाटत नव्हता. आज नव्या मीटरच्या खोक्यात जी पुस्तिका सापडते तिच्यात इशाऱ्यांची पाने भरपूर. उघडू नका, हात लावू नका, अधिकृत केंद्रात पाठवा. ते अधिकृत केंद्र गडचिरोलीहून किती अंतरावर आहे हे पुस्तिका सांगत नाही.

आकृती नसल्याने नेमके काय अडते, असे कोणी विचारील. एक नेहमीचा प्रसंग घ्यावा. मीटर ओहमच्या घरावर ठेवून कोणी चुकून २३० व्होल्टला प्रोब लावले. आतला एक रेझिस्टन्स जळून कोळसा झाला. त्यावरचे रंगीत पट्टे काळे पडले. भाग रुपया-दोन रुपयांचा. पण तो किती ओहमचा होता? पट्टे सांगत नाहीत, पुस्तिका सांगत नाही, कंपनी पत्राला उत्तर देत नाही. कारागीर त्याच जातीचा दुसरा मीटर मिळवून उघडतो, किंवा इतर घरांवरून गणित मांडून अंदाज बांधतो. जमले तर मीटर जगतो. नाही जमले तर हजारोंचा मीटर एका रुपयाच्या भागापायी, किंबहुना एका आकड्यापायी, भंगारात जातो. तो आकडा कारखान्याच्या कागदावर आहे.

स्वस्त मीटरांत तर चिपही दिसत नाही. पाटीच्या मधोमध काळ्या रेझिनचा एक थेंब असतो आणि त्याखाली चिप पुरलेली असते. पायच नाहीत, तर तपासायचे काय? हा थेंब दुष्टबुद्धीने टाकलेला नसतो. उघडी चिप थेट पाटीवर बसविली की वेष्टनाचे पैसे वाचतात, एवढाच त्यामागे हिशोब. पण ते वाचलेले पैसे कोणाच्या खिशात जातात आणि त्याची फेड कोण करतो, हे विचारणे भाग आहे.

कारण याच डब्यांवर सर्वांत भयंकर शब्द उघड छापलेले असतात. '१० अँपिअर, फ्यूज नाही.' या भोकात लाल लीड राहिली आणि वायरमनने घाईत तीच प्रोब २३० व्होल्टवर ठेवली तर दोन टोकांमध्ये जाड तारेचा एक तुकडा सोडून काहीही नसते. तो सरळ शॉर्टसर्किट आहे, आणि तो हातात होतो. शेजारी 'कॅट ३, ६०० व्होल्ट' अशीही अक्षरे असतात. ती छापायला शाईखेरीज काही लागत नाही. त्या दर्जाला आवश्यक असणारे अंतर, जाडी आणि वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज आत असतोच असे नाही. खऱ्या फ्यूजची किंमतच मुळी अख्ख्या स्वस्त मीटरहून अधिक. मग दोनशे रुपयांच्या मीटरची उरलेली किंमत वायरमनच्या बोटांनी भरावयाची असते, असाच याचा अर्थ होत नाही काय?

येथे दुरुस्ती करणाऱ्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. सिरॅमिक फ्यूजच्या जागी साधा काचेचा फ्यूज घालणे, तोही नसला तर तांब्याची तार गुंडाळणे, हा बाजारातला सर्रास प्रकार आहे. अशा रीतीने 'चालू' केलेला मीटर बंद मीटरहून वाईट. काचेचा फ्यूज मोठ्या प्रवाहात फुटतो आणि आतल्या आत ठिणगीची वाट चालूच राहते. पाटी कोळपलेली असेल तर तो मीटर दुरुस्त झाल्यावरही खेळण्यातील बॅटऱ्यांपुरता ठेवावा, विजेच्या मुख्य जोडणीवर परत नेऊ नये. आणि गिऱ्हाइकाला तसे तोंडावर सांगावे. गरिबीच्या नावाखाली गरिबाच्या हातात बॉम्ब देण्याचा परवाना कोणाला नाही.

उत्पादकांचे वकील नेमके हेच टोक पकडतात. पाहा, म्हणतात, अनधिकृत माणूस दुरुस्ती करतो ती अशी. म्हणून आकृती देणे धोक्याचे. हा युक्तिवाद उलट्या पायांचा आहे. फ्यूज कोणत्या जातीचा, किती व्होल्टचा, किती प्रवाह तोडण्याच्या क्षमतेचा, हे माहीत नसलेला माणूस तार गुंडाळतो. माहिती दडवून अपघात थांबत नाहीत. माहिती दडविल्यामुळे दुरुस्ती थांबत नाही, तर आंधळी होते. व्यापारी गुपिताचा मुद्दा तर हास्यास्पद आहे. ज्या आकृतीचा सांगाडा चिपच्या कागदावर अनेक दशके उघडा पडलेला आहे, तिच्यात गुपित ते कोणते? स्पर्धकाला ती हवी असेल तर तो एक मीटर विकत घेऊन दोन दिवसांत उतरवून घेतो. अडतो तो फक्त जुन्या बाजारातील गिऱ्हाईक.

केंद्र शासनाला दुरुस्तीच्या हक्काची आठवण झाली ती २०२२ मध्ये. जुलैत ग्राहक व्यवहार विभागाने समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळ उघडले आणि चार क्षेत्रे निवडली: शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने. निवड चुकीची नाही. पण या चारही क्षेत्रांतील वस्तू दुरुस्त करणारा माणूस सर्वांत आधी ज्याला हात घालतो ते माप या यादीत नाही! ट्रॅक्टरची वायरिंग पाहायची, फ्रीजचा कॉम्प्रेसर तपासायचा, मोबाइलची बॅटरी मोजायची, सगळीकडे मीटर आधी लागतो. सुताराला लाकडाचा हक्क दिला आणि पटाशीला धार लावण्याची मनाई केली, तसा हा प्रकार झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीविषयीचा निर्देश संमत केला, तोही मुख्यत्वे घरगुती वस्तूंभोवतीच फिरतो. कामगाराच्या हत्याराचा विचार ग्राहकाच्या वस्तूनंतर होतो, ही रीत तिकडचीही आहे.

खोट्या शून्याचा प्रश्न मात्र आकृतीनेही सुटत नाही. लीड आतून तुटलेली असली की जिवंत तारेवरही मीटर शून्य दाखवितो. यावर जुन्या जाणत्यांची रीत आहे. आधी जेथे वीज नक्की आहे अशा ठिकाणी मीटर लावून पाहायचा, मग ज्या तारेवर काम करायचे तिथे, आणि पुन्हा पहिल्या ठिकाणी. तिन्ही वेळा मीटर खरे बोलला तरच हात घालायचा. मीटर स्वतःचा असो वा जुन्या बाजारातला, महाग असो वा स्वस्त, ही तीन पावले चुकवू नयेत. प्रत्येक कंत्राटदाराने कामगारांना ती शिकविण्याची सक्ती असायला हवी. आज ती शिकवितो तो एखादा वयस्क सहकारी, तेही तो भेटला तर.

आकड्याच्या खरेपणासाठी दुसरी व्यवस्था लागेल, आणि ती खर्चिक नाही. व्होल्ट आणि ओहम यांची राष्ट्रीय प्रमाणे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपली जातात. त्यांच्याशी साखळीने जोडलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत. पण तेथे एक मीटर तपासून घ्यायचे शुल्क स्वस्त मीटरच्या किमतीहून अधिक, म्हणून वायरमन तिकडे फिरकत नाही. उसाच्या गाडीला जसा धर्मकाटा असतो तसा मीटरला का नसावा? प्रत्येक सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रमाणित केलेला एक मीटर आणि एक स्थिर दाबाचा स्रोत ठेवावा. आठवड्यातून एक दिवस कोणाही वायरमनने, मेकॅनिकने, शाळेच्या प्रयोगशाळा साहाय्यकाने आपला मीटर आणून त्याशी फुकट ताडून पाहावा, आणि तेथील विद्यार्थ्यांनी बिघाड असल्यास तो शोधून द्यावा. इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे अभ्यासक्रम तेथे चालतातच. मुलांना फळ्यावरच्या मीटरऐवजी खरा बिघडलेला मीटर मिळेल.

आकृतीसाठीही नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रेल्वे, वीज कंपन्या, प्रशिक्षण संस्था, शासकीय महाविद्यालये या सर्वांना मीटर लागतात आणि ते सार्वजनिक पैशातून घेतले जातात. निविदेत एक कलम घातले तरी पुरे: ज्या मीटरसोबत संपूर्ण विद्युत आकृती, भागांची यादी आणि फ्यूजचा पूर्ण तपशील मिळणार नाही, आणि तो कोणालाही पाहता येईल असा प्रसिद्ध केला जाणार नाही, तो मीटर शासन विकत घेणार नाही. पहिल्या वर्षी उत्पादक कुरकुर करतील. दुसऱ्या वर्षी निविदा भरताना तिजोरीतला कागद बाहेर काढतील.